भिंतीतली ठिणगी

अकोल्यातल्या एका कॉलेजच्या कुलूपबंद प्रयोगशाळेतून मी बोलतोय. मला ऑसिलोस्कोप म्हणतात. तारेतून आलेला विजेचा संकेत मी पडद्यावर रेघ काढून दाखवतो. पापणी लवायच्या आत येऊन गेलेलासुद्धा.

मला इथे आणलं पातूरच्या इफ्फत मॅडमनी. आभाळातल्या विजांवर त्यांचं संशोधन. गच्चीवरच्या अँटेनाची तार माझ्यात खोचून त्या तासन्‌तास माझी बटणं फिरवत बसत, आणि जेवायला उठल्या की नेमकी वीज पडे. शेवटी त्यांनी मला कॉम्प्युटरला जोडलं, प्रोग्राम लिहिला. तेव्हापासून मी आपोआप टिपतो, साठवतो, काही वेगळं दिसलं तर त्यांना ईमेल धाडतो. बटणांना कुणी हात लावत नाही, तरी पडद्यावरची मापं बदलतात. ते बघून शिपाई सूर्यभानजी दारातच थबकत.

मग एका निरभ्र दुपारी संकेत आला. दुसऱ्या दुपारीही. मॅडमनी प्रोग्राम तपासला, तार बदलली, अँटेनाच काढून टाकली. संकेत येतच राहिला.

सूर्यभानजी हळूच म्हणाले, “मॅडम, खोलीत कोनी नसते, तरी हे मशीन कोनाले तरी पाहून राह्यलं.”

मॅडम हसल्या नाहीत. “खरं आहे. आता कोनाले पाह्यते, ते शोधू.”

तारेचं वेटोळं मला जोडून, ते हातात धरून त्या खोलीभर फिरल्या. मागच्या भिंतीपाशी माझी रेघ उसळली. मेन स्विच बंद करून भिंत फोडली, तर आतली जुनी केबल जळून काळी पडलेली. ठिणग्या तिथेच उडत होत्या. ठिणगी म्हणजे इवलीशी वीजच, तिचाच संकेत मी टिपत होतो. भिंतीपलीकडे मुलींची वाचनखोली, बाकं भिंतीला टेकवलेली. मॅडमनी धावत जाऊन ती भिंतीपासून दूर ओढली.

केबल बदलली. संकेत थांबला.

पुढे मॅडमना नागपुरात नोकरी लागली, सूर्यभानजी निवृत्त झाले. खोलीला कुलूप लागलं. मला बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. प्रोग्राम हुकूम सोडतो, मी पाळतो.

हल्ली संकेत पुन्हा येतोय. तोच आकार, रोज थोडा उंच. कुठून, ते मला सांगता येत नाही. मी रोज ईमेल धाडतो, मॅडमच्या कॉलेजातल्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता त्या गेल्यावर बंद झाला.

पलीकडे आत्ताच बाकं सरकल्याचा आवाज आला. मुलींनो, आज तिथे बसू नका. आधी कुणाला तरी हे कुलूप काढायला सांगा.