तीर्थ, नळ आणि कोबीचं पाणी

निरीक्षण

कुना आजीनं बेसिलची, म्हणजे तिकडच्या तुळशीची, जुडी तीर्थात बुडवून इंजिनावर झटकली, आणि इतका वेळ धापा टाकणारी गाडी शांतपणे गुरगुरू लागली. अंगणात जमलेल्या बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. शेजारच्या पेन्चोनं टोपी काढली.

"दृष्ट होती, निळ्या डोळ्यांच्या बाईची!" आजी म्हणाली. "मी पाण्याला सांगितलं, पाण्यानं तिला सांगितलं. गेली!"

गाडीचे मालक ल्युबेन गुरुजी. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले, उठता-बसता 'पुरावा काय?' विचारणारे. तेच गुरुजी आजीचा हात चुंबायला वाकले. लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं. बुटाला नाडी नव्हती.

अनुमान (घाईचं)

चमत्कार असतात.

गुरुजींचा इलाज संपला होता. सोमवारी घाटापलीकडच्या प्लोवदिव शहरात बायकोच्या, रादकाच्या, डोळ्यांचं ऑपरेशन. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, तरी उभी गाडी थरथरून बंद पडायची. घाटाच्या उतारावर बंद पडली, तर ब्रेकही दगडासारखे कडक होणार, दाबता दाबले जाणार नाहीत.

इंजिनावरचं तीर्थ वाळलं. गाडी पुन्हा धापा टाकू लागली आणि बंद पडली.

"नजर जबर आहे," आजी म्हणाली. "बाटली देते. दर वळणावर शिंपडा."

"ल्युबेन, तू गाडी चालवणार की शिंपडणार?" रादकानं विचारलं. "आणि ते फुस्स काय होतंय? चिडलेल्या हंसासारखं. पाणी पडलं की थांबत होतं."

"तुला काय दिसतंय गं..."

"दिसत नाही म्हणूनच ऐकतेय, गाढवा."

साहित्य (जे आधीच गोळा करायला हवं होतं)

नळाचं पाणी. मुरवलेल्या कोबीच्या पिंपातलं आंबट पाणी. थोडी लाज.

कृती

गुरुजींनी गाडी सुरू करून नळाचं पाणी शिंपडलं. इंजिन शांत. वाळू दिलं. धापा. मग कोबीचं पाणी. इंजिन शांत.

"आजी, कोबीवरही कृपा झाली की!" पेन्चो ओरडला.

"माझ्याच शेजारचा कोबी आहे तो," आजी म्हणाली.

गुरुजींनी इंजिन बंद करून फुस्स येत होतं तिथे हात घातला. एका रबरी नळीला चीर गेली होती. चिरेला घासत होता तारेनं बांधलेला घोड्याचा नाल. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तो गुरुजींनीच बांधला होता. सासूबाईंच्या समाधानासाठी, असं ते सांगत. गाडी घेतली तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या.

अनुमान, पुन्हा

चिरेतून चोरटी हवा इंजिनात शिरायची, पेट्रोल कमी पडायचं, उभ्या गाडीचा दम तुटायचा. पाण्यानं चीर घटकाभर बुजायची. पाणी कुठलंही असो. रोग नालानं दिला, श्रेय तीर्थानं घेतलं, आणि या दोघांच्या मधे भौतिकशास्त्राचा शिक्षक हात चुंबत उभा होता.

"मंडळी," नवी नळी बसवून गुरुजी म्हणाले, "गुण आला, तर कशानं आला ते बघा. तेच साधं पाण्यानं करून बघा. मी शिकलेला आहे म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. नाल पाहिलात ना?"

सोमवारी गाडी इंजिन सुरू ठेवून फाटकात उभी होती, न थरथरता. मागचं दार उघडून कुना आजी आत बसली.

"मलाही न्या डॉक्टरांकडे. मोतीबिंदू आहे."

"आणि तीर्थ?" गुरुजींनी विचारलं.

"लावलं की वर्षभर," आजी म्हणाली. "पुरावा मिळाला नाही."