मन्नत मागायला नाय

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत नूर मोहम्मदचा यंत्रमागांचा कारखाना होता आणि कारखान्याच्या वरच्या मजल्यावर घर. घरात त्याची म्हातारी आई, बायको रशिदा, चार मुलं, आणि धाकटा भाऊ गुलाम हुसेन व त्याची बायको खदीजा. कारखाना बापाने दोन्ही मुलांसाठी ठेवला होता, पण चाव्या थोरल्याच्या कमरेला असत. धाकटा खाली मागांमध्ये राबत असे. माग चालू असले की वरची जमीन थरथरायची आणि मांडणीवरची भांडी आपोआप सरकायची. खदीजा लग्न होऊन आली तेव्हा तिला त्याची भीती वाटायची. नंतर ती भांडी न बघताच मागे सारू लागली.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल झालं नव्हतं. डॉक्टर झाले, हकीम झाले, दोघांच्याही तपासण्या झाल्या. कुणातच दोष निघाला नाही, पण घरातल्यांनी तो खदीजाच्या नावावर टाकून दिला. कुणी तोंडावर बोलत नसे. फक्त कामं वाटताना ते कळायचं. जिला पोरं नाहीत तिला काय काम, असं धरून थोरलीच्या पोरांच्या वेण्या, आंघोळी, डबे, तापातली जागरणं सगळं खदीजाकडे आलं होतं. तिला पोरांचा राग नव्हता. धाकटी मुलगी तर तिच्याच कुशीत झोपायची.

१९८७ च्या हिवाळ्यात नूर मोहम्मदने मित्राची मॅटाडोर मागून आणली आणि सगळ्यांना मुंबई दाखवायला काढलं. ही काही पहिली खेप नव्हती. दर खेपेसारखं खदीजाने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, कोळंबीचं सुकं केलं, पोरांना तयार केलं. दर खेपेसारखंच गाडीत बसायच्या वेळी रशिदा म्हणाली, "जागा नाय ग. आनि अम्माजवळ कोन तरी पायजेच."

संध्याकाळी पोरं परत आली. केसांत वाळू, हातात पिपाण्या. धाकटीने खदीजाला समुद्र केवढा होता ते हात पसरून दाखवलं आणि विचारलं, "चाची, तू का नाय येत कधी?"

रशिदा पायांतल्या चपला काढत होती. ती सहज म्हणाली, "चाची येऊन काय करील? चाचीला पोरं थोडीच हायेत दाखवायला."

तिने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, आणि तेच खदीजाला जास्त लागलं. रशिदाच्या दृष्टीने ती सरळ गोष्ट होती. मुंबई पोरांना दाखवायची असते. पोरं नाहीत, तर मुंबई कशाला?

खदीजाने डबे घासले, पालथे घातले. मग ती खाली कारखान्यात गेली. शिफ्ट बदलत होती, म्हणून माग थोडा वेळ बंद होते. गुलाम हुसेन एका मागाखाली वाकून काहीतरी आवळत होता.

"येत्या शुक्रवारी आपन मुंबईला जायाचं," ती म्हणाली.

तो बाहेर आला, हात चिंधीला पुसले. "कोन कोन?"

"आपन. तुमी आनि मी."

गुलाम हुसेन गप्प माणूस होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बघून त्याला जे विचारायचं होतं ते त्याने विचारलं नाही. "भाईला इचारतो," एवढंच म्हणाला.

"इचारायचं नाय. सांगायचं."

शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असत. पण गुलाम हुसेनला सुट्टी नसे. त्या दिवशी मागांचं तेलपाणी, साफसफाई त्याच्याकडे. म्हणून त्याने जेवताना भावाला सांगितलं तेव्हा नूर मोहम्मदने पहिल्यांदा तेच काढलं. "मागांचं कोन बघनार?"

"शनिवारी पहाटे उठून करीन."

"आनि दोघंच? दोघंच जाऊन काय बघनार?"

"समुद्र," गुलाम हुसेन म्हणाला. नेहमी तो इथेच थांबला असता. पण त्या दिवशी पुढे बोलला. "पोरं असली तरच भरती येते असं नाय ना, भाई?"

नूर मोहम्मदचा घास हातातच राहिला. धाकट्याने असं उलट बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. रशिदाने पदर तोंडाला लावला. म्हातारीने मात्र आपल्या परीने मधली वाट काढली.

"अरे, हाजी अलीला जात असतील," ती म्हणाली. "होय ना ग खदीजा? मन्नत मागायला चालली असशील. मग जाऊ दे की त्यांना. चांगली गोष्ट हाय."

नूर मोहम्मदचा चेहरा लगेच सैलावला. "मग तसं सांगायचं ना. मन्नतीला कोन अडवतंय? जा, बाबा, जा."

आता खदीजाने फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर परवानगी होती, वर दुवाही मिळाली असती. खदीजाने वाढायची पळी खाली ठेवली.

"नाय अम्मा," ती म्हणाली. "मन्नत मागायला नाय चाललो. मुंबई बघायला चाललोय."

जेवण तसंच आटोपलं.

शुक्रवारी सकाळी खदीजाने अबोली रंगाची साडी काढली, वरून बुरखा घातला. स्वयंपाकघरात रशिदाने विचारलं, "डबा काय नेतीस?"

"डबा नाय. आज विकतचं खानार."

नाक्यावर रिक्षावाल्यांची ओरड चालली होती, लुंग्या नेसलेले कामगार सुट्टीचा चहा पीत उभे होते. ओळखीचे दोघेतिघे वळून बघत होते. गुलाम हुसेनची मान खाली गेली. खदीजाने त्याच्या कोपराला हळूच ढोसलं, "वर बघून चाला. चोरी करून नाय चाललो." एस. टी. आली. पुढे ठाण्याला त्यांनी दुसरी गाडी धरली. गाडीत खिडकीजवळ कोण बसणार यावरून दोघांत थोडा वाद झाला, कारण दोघांनाही खिडकी हवी होती. शेवटी खदीजा जिंकली.

मुंबईत ते लाल डबलडेकरवर चढले आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. समोर काच, काचेपलीकडे रस्ता थेट पोटात घुसल्यासारखा. झाडांच्या फांद्या काचेवर आपटायच्या तेव्हा खदीजा डोकं खाली घालायची आणि हसायची. गुलाम हुसेनने तिला एवढं मोठ्याने हसताना घरी कधी ऐकलं नव्हतं. खाली माग चालू असताना वर कोण हसतं, कोण रडतं, कुठे ऐकू येतं.

गेटवेला फोटोवाल्याने त्यांना गाठलं. "फॅमिली फोटो, साहब? अभी दे देगा."

खदीजाने हो म्हटलं. फोटोवाल्याने दोघांना कमानीसमोर उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला आणि त्यांच्या मागे बघितलं. "बाकी लोग किधर है? बच्चे लोग को बुला लो."

गुलाम हुसेनने ओशाळून मान वळवली. खदीजा जागची हलली नाही.

"और कोई नहीं," ती म्हणाली. "फॅमिली इतनीच है. निकालो फोटो."

फोटोवाल्याने फोटो काढला. क्लिक व्हायच्या आधी गुलाम हुसेन थोडा सरकून तिच्या जवळ आला. भर रस्त्यात तो तिच्या इतक्या जवळ कधी उभा राहिला नव्हता.

गुलाम हुसेनने जुम्म्याची नमाज जवळच्या मशिदीत पढली. तोवर खदीजा समोरच्या हॉटेलात फॅमिली रूमच्या पडद्याआड एकटीच फालुदा खात बसली. वेटरने दोनदा विचारलं, "साथ में कौन है?" तिने दोनदा सांगितलं, "येनार हायेत. आनि नाय आले तरी बिल मी देनार हाय."

दुपारनंतरच्या बसमधून हाजी अलीचा पांढरा घुमट दिसला. गुलाम हुसेन खिडकीतून बघत राहिला. मग चाचरत म्हणाला, "उतरायचं का?"

खदीजाला कळलं की त्याला मनातून जायचं आहे, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो आधी विचारतो आहे.

"उतरू की," ती म्हणाली. "तोही मुंबईतच हाय ना."

ओहोटी होती. पाण्यातून गेलेल्या वाटेवर गर्दी सरकत होती. दोन्ही बाजूंना ओले काळे खडक, शेवाळाचा वास. खदीजाचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं, आणि तो वास तिने बऱ्याच वर्षांनी घेतला. आत दोघांनी फातिहा वाचली. बाहेर आल्यावर धागे विकणारी एक बाई खदीजाच्या मागेच लागली. तिने आधी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग आजूबाजूला पोर आहे का ते पाहिलं. "बेटी, औलाद का धागा ले लो. खाली हाथ मत जाओ यहां से. साल के अंदर गोद भर जाएगी."

गुलाम हुसेनचा हात खिशाकडे गेला. खदीजाने तो धरला.

"नको," ती त्याला म्हणाली. "लई मागितलं. तुमी मागितलं, मी मागितलं, अम्माने मागितलं. द्यायचं असेल तर त्याला म्हाईत हाय आपन कुठं राहतो. आज मी काय मागायला आली नाय. आज नुसतं बसायचं हाय."

आणि ते बसले. खडकांच्या कडेला, पायांशी लाटा येईपर्यंत. गुलाम हुसेनने चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "मला वाटायचं तू माझ्यासंगं आलीस म्हनून तुझं नुकसान झालं."

"मला वाटायचं तुमचं झालं."

"माझं काय नाय झालं."

"मग झालं तर," खदीजा म्हणाली. पाणी चढत होतं, रखवालदार लोकांना उठवू लागला, तेव्हा ते उठले. भिवंडीत पोचले तेव्हा घरातले सगळे झोपले होते. दार मात्र म्हातारीने उघडं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खदीजा पाणी भरायला खाली आली. नळावर गल्लीतल्या बायका होत्या. त्यांतल्या एकीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अल्ला तुझी मन्नत पुरी करो ग. तुझा जेठ सांगत होता काल. हाजी अलीला जाऊन आलात म्हने दोघं."

खदीजाने हंडा खाली ठेवला. नूर मोहम्मद कारखान्याच्या दारातच उभा होता, कुणाशी तरी हिशेबाचं बोलत. त्याने ते ऐकलं आणि नजर वळवली. त्याने गल्लीभर ही गोष्ट आधीच पेरून ठेवली होती. घरातली सून नवऱ्याचा हात धरून मजा मारायला गेली, असं लोकांनी म्हणू नये म्हणून.

"मन्नत नाय मागितली, खाला," खदीजा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण कमीही केला नाही. "फिरायला गेलो होतो. डबलडेकरमध्ये बसलो, फोटो काढला, फालुदा खाल्ला. दर्ग्यावर पन गेलो, पन मागितलं काय नाय."

नळावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक तरुण पोरगी हसली आणि तिने चटकन तोंड फिरवलं.

नूर मोहम्मद धाडधाड जिना चढून वर आला. "मी तुमची लाज झाकायला गेलो, आनि हिने सगळ्या गल्लीत माझं तोंड काळं केलं," तो भावाला म्हणाला. "या घरात राहायचं तर घराच्या इज्जतीने राहायला लागेल. नाय तर चूल वेगळी करा."

सगळ्यांना वाटलं, आता गुलाम हुसेन बायकोला माफी मागायला लावील. खदीजालाही क्षणभर तसंच वाटलं. तो पहाटेपासून मागांचं तेलपाणी करून नुकताच वर आला होता, कोपरापर्यंत काळा झाला होता.

"तिने खोटं काय सांगितलं, भाई?" त्याने विचारलं.

नूर मोहम्मद कमरेच्या चाव्या चाचपू लागला.

"मग वेगळी करतो," गुलाम हुसेन म्हणाला. "माझा वाटा बापाने ठेवलाय, तो बसून बोलू. घाई नाय. पन तिला माफी मागायला सांगनार नाय मी."

आठवड्याभरात खदीजाने बोचकी बांधली, तेव्हा म्हातारी रडली. रशिदाही रडली, आणि तिचं रडणं खरं होतं, कारण उद्यापासून पोरांचं सगळं तिलाच बघायचं होतं. धाकटी खदीजाच्या पायांना बिलगली. खदीजाने तिला उचलून घेतलं. "आमी जातोय ते कामतघर काय लांब नाय," ती म्हणाली. "चालत येशील. एखाद्या शुक्रवारी मी तुला पन नेईन." पण बांधलेली बोचकी तिने सोडली नाहीत.

कामतघरच्या चाळीत त्यांनी एक खोली घेतली. गुलाम हुसेन दुसऱ्याच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून लागला. वाट्याचं बोलणं बरंच लांबलं आणि शेवटी त्याच्या हाती जुने चार माग आले, जे त्याने स्वतःच इतकी वर्षं जिवंत ठेवले होते. मूल पुढेही झालं नाही. लोकांनी कारणं शोधली. नळावर ज्या बाईच्या तोंडावर खदीजाने सांगितलं होतं की मन्नत मागितली नाही, ती तर ठामपणे म्हणायची, "मागितली असती तर झालं असतं." खदीजाच्या कानावर ते आलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीतल्या पहिल्या शुक्रवारी दोघं कुठेच गेले नाहीत. आसपासचे माग बंद होते, जमीन स्थिर होती, ऊन उंबऱ्यावरून आत आलं तरी दोघं अंथरुणावरच होते. शेजारच्या गोदूबाईने दार वाजवलं आणि बाहेरूनच विचारलं, "अगं, उठली न्हाय का अजून? बरं हाय ना समदं?"

"बरं हाय, गोदूबाई," खदीजा आतून म्हणाली. "उठनार नाय अजून."

"काय काम न्हाय का?"

"हाय की," खदीजा म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.