नाजनीनची जाळी

भिसेगावच्या नाजनीनने आपल्या लाडक्या मालिकेतल्या नायिकेचा चेहरा छपाईच्या फ्रेमवर, थेट जाळीवरच, शाई अडवणाऱ्या तपकिरी लेपाने रंगवला होता. मालिका बघणाऱ्या मैत्रिणींसाठी तिला टी-शर्ट छापायचे होते. पण एकही शर्ट छापून व्हायच्या आत ती डेंग्यूने गेली.

मालिकेचा शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं, तेव्हा रोज तिच्या शेजारी बसून मालिका बघणारी तिची आई रहिमा म्हणाली, "शर्ट मी छापते. तिचं अर्धं राहिलेलं काम हाय ते."

मदतीला भिवपुरीहून नाजनीनची मैत्रीण सुरभी आली. रहिमा कोऱ्या शर्टांना इस्त्री करत असताना सुरभी मोरीतून हात पुसत बाहेर आली.

"चाची, फ्रेमवर कसले तपकिरी डाग पडले होते. ब्लीच टाकून घासली. बघा, कशी लख्ख झाली."

रहिमाने जाळी उजेडात धरली. पलीकडची भिंत आरपार दिसत होती.

रहिमाचा चेहरा बघून सुरभी चाचरली. "त्यावर काही होतं का, चाची?"

"नाय गं," रहिमा म्हणाली. "डागच होते."

मग तिने पुढचा कोरा शर्ट ओढला आणि त्यावर इस्त्री फिरवत राहिली. थांबून करायचं काय, हेच तिला कळेना.