गिऱ्हाइकांच्या रांगेत गौरम्मा

"घरच्या माणसाला काय आमंत्रण द्यायचं असतंय?" शिवशंकर बायकोला म्हणाला, तसं गौरम्मानं भगुनं दाणकन खाली ठेवलं. भिंतीपल्याड आमच्या घरापर्यंत आवाज आला.

"मुदखेडच्या गिऱ्हाइकाला पत्रिका गेली. मला तुमचा भाऊ फोनवर सांगतोय, वैनी, पुऱ्या लाटायला लवकर या."

शिवशंकरचा धाकटा भाऊ साहेबराव. अर्धापूरच्या सडकेला त्याचं कुंपणाचं दुकान. खांब, जाळी, काटेरी तार. आजूबाजूच्या केळीच्या बागांना त्याचंच कुंपण. दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यानं समद्या गिऱ्हाइकांना जेवायला बोलावलं होतं.

दुकान काढलं ते दोघा भावांनी मिळून. खड्डे खांदून शिवशंकरच्या हाताची सालटी निघायची. वाटणीच्या वक्ती गौरम्माच म्हणाली, "तारा वढण्यापरीस रान बरं." रान घेतलं. तिकडं दुकान वाढत गेलं, इकडं डुकरं भुईमूग उकरून राहिली. पण दिराची जाळी तिनं रानाला लागू दिली न्हाई. पीक गेलं तरी चालंल, जाऊबाई दानम्माच्या तोंडून "आमचंच कुंपण हाय" हे तिला ऐकायचं नव्हतं.

तरी ती गेली. न जावं तर लोक बोलतील. शेजारीण म्हणून मी बी तिच्यासंगं होते.

मांडवात गिऱ्हाइकं फेटे बांधून खुर्च्यांवर बसलेली. माईकवर एकेकाचं गाव पुकारलं जायचं, साहेबराव शाल घालायचा, बाजूला दानम्मा जांभळ्या रेशमी साडीत उभी. आम्ही मांडवामागं, कढईपाशी. गौरम्माचे डोळे भरून आले होते. धुरानं, असं ती मला सांगत होती.

एक म्हातारा शेतकरी माईकवर बोलला, "यांच्या कुंपणानं माझी बाग राखली." टाळ्या पडल्या. गौरम्मानं लाटणं ठेवलं, पदराला हात पुसले आणि सरळ जाऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत बसली.

साहेबराव लगबगीनं खाली आला. "वैनी, हितं कुठं? तिकडं पुऱ्या..."

"माझ्या रानाला कुंपण घालायचं हाय. गिऱ्हाईक हाय मी. फेटा न्हाई बांधला तरी चालंल, शाल घाला."

शिवशंकर खाली मान घालून गालात हसत होता. साहेबरावनं शाल घातली, मग माईक धरून चाचरत म्हणाला, "ह्या दुकानाचे पहिले खांब माझ्या दादानं रोवले." इतक्या वर्षांत हे तो चारचौघांत कधी बोलला नव्हता.

पंगत बसली. दानम्मा वाढायला आली. गौरम्मानं मुद्दाम पुरी परत दिली. "गार हाय. दुसरी आण."

दानम्मा गरम पुरी घेऊन आली. वाढताना तिनं आधाराला मांडवाचा खांब धरला.

"बरं वाटंना का तुला?" गौरम्मानं विचारलं.

"पहाटेपासून उभीच हाय, अक्का. पोटात काही न्हाई. खाली बस म्हणून कुणी म्हणलंच न्हाई."

गौरम्मानं त्या रेशमी साडीकडं बघितलं. घामानं पाठीला चिकटली होती. मग ती पाटावर सरकून बसली.

"बस हितं," ती म्हणाली. "पर ताट तुझं तूच आण. मी आज उठणार न्हाई."