भिंतीकडचं दार

वन्संचा फोन आला तेव्हा मास्तरीणबाई चहा गाळत होत्या.

"परवा सकाळी पोचते गं. तशीच तुमच्याकडे येते आणि गाडी घेऊन जाते," एवढंच बोलून वन्संनी फोन ठेवला. लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेलेल्या वन्सं इतक्यात काही परतत नाहीत, या भरवशावर मास्तरीणबाई होत्या. निम्मा चहा ओट्यावर सांडला.

त्या शाळेतल्या मास्तरीण नव्हेत. बायकांना गाडी चालवायला शिकवायच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणायची. गल्लीचं ऐकून नवराही. नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे वन्सं, जाताना आपली निळी गाडी त्यांच्या अंगणात लावून गेल्या होत्या. "फिरवत जा अधूनमधून. पण शिकाऊ माणसाच्या हाती द्यायची नाही. मला चालायचं नाही ते." वन्सं एकदाच सांगत. दुसऱ्यांदा सांगायची वेळ आली तर सांगत नसत, वस्तू उचलून नेत. धाकट्या बहिणीला वापरायला दिलेलं शिवणयंत्र त्यांनी असंच, सुईत दोरा ओवलेला असताना, उचलून आणलं होतं.

पुढे मास्तरीणबाईंच्या स्वतःच्या गाडीनं मान टाकली. इंजिनच गेलं. चार दिवस त्यांनी कळ काढली. पण शिकणाऱ्या बायकांत एक नर्स होती. तिची लायसन्सची परीक्षा तोंडावर आलेली, आणि पास झाली तरच तिला दूरच्या दवाखान्यातली पक्की नोकरी. तिनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मास्तरीणबाईंनी आपली 'शिकाऊ चालक' लिहिलेली लोहचुंबकाची पाटी काढली आणि वन्संच्या गाडीच्या डाव्या दाराला चिकटवली. मग नर्सच कशाला, बाकीच्याही आल्या.

शेजाऱ्यांच्या तोंडून वन्संच्या कानावर जायला नको, म्हणून शिकवणी संपली की गाडीची डावी बाजू त्या भिंतीला अगदी खेटून लावत. पाटी दिसायची नाही, पण दार आणि भिंत यांत हातही शिरायचा नाही. त्यामुळे ती काढायची राहून जाई. वर न्हाणीघराचा पाइप होता, तो टिपटिप गळायचा.

फोननंतर त्यांनी गाडी पुढे घेतली आणि पाटी ओढली. खाली पाटीच्याच मापाचा तांबूस चौकोन उमटला होता. कडेनं रंगाला फोड आलेले. बोटानं दाबल्यावर ते करकरले आणि गंजाचा भुगा नखात बसला.

नवरा चप्पल घालून बाहेर आला. वाकून बघितलं.

"छान. आता पाटीची गरजच नाही. दारच सांगतंय."

"अहो, चेष्टा नको. आत गेलाय का बघायचंय."

"आणि गेला असेल तर?"

"तर दार बदलावं लागेल. मग काय लपतंय?"

त्यांच्या बोलण्यात घाई नव्हती, हातांत होती. दार साबणानं धुऊन कोरडं केलं. चौकोनाभोवती कागदी पट्टी चिकटवली, काचेवर वर्तमानपत्र लावलं. सुटलेले फोड पात्यानं खरवडले. मग लाकडाच्या ठोकळ्याला खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून घासायला बसल्या. आधी तांबडा भुगा पडला, मग काळपट, मग हळूहळू पांढरा पत्रा दिसू लागला. दोनतीन जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, ते पेपराची घडी करून टोकानं साफ केले. पत्रा शाबूत होता. गंज वरवरचाच. त्यांनी पाठ सरळ केली आणि मनातल्या मनात हात जोडले.

उघडा पत्रा हवा लागली की पुन्हा तांबूस होतो, म्हणून थिनरनं पुसून लगेच प्राइमरचे पातळ थर दिले.

रंगाच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "कंपनीच्या रंगाच्या नंबरावरून देतो, पण गाडी उन्हानं फिकी पडली असेल. गाडी आणा, नाहीतर पेट्रोलच्या तोंडाचं झाकण तरी खोलून आणा. त्यावरून जुळवतो." त्याच्या दुकानासमोरच वन्संची मैत्रीण राहायची. झाकणासाठी पुन्हा घरी जाऊन येण्याइतका धीर मास्तरीणबाईंना नव्हता. "नंबरावरूनच द्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मऊ पेपरानं घासून रंग मारला, वर चमक दिली. संध्याकाळी पट्टी सोडवली. काम उत्तम झालं होतं. बोट फिरवलं तर कड लागत नव्हती. फक्त फिक्या निळ्या दारावर एक गडद निळा, कोरा चौकोन होता, तो फाटकापासून दिसायचा.

नवरा म्हणाला, "भिंतीला घासली म्हणू. मी घासली म्हणतो. ताईला पटकन पटेल."

"तुम्ही काही बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?"

वन्सं आल्या. बॅग ओसरीत ठेवली, पाणी प्यायल्या आणि गाडीभोवती फिरल्या. डाव्या दारापाशी थांबल्या.

"हे काय?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "माझ्या हातून घासली गं, भिंतीला. हिनं रंगवून घेतली."

वन्संनी भावाकडे असं पाहिलं, जणू तो अजून अर्ध्या चड्डीत होता.

"ढब्बू, तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला? सायकल कधी धड लावली नाहीस तू!" मग भावजयीकडे वळून त्यांनी पर्समधून आपल्याकडची किल्लीही काढली. "अगं, मी वाटेत ठरवतच आले होते. लेक म्हणतेय, इकडेच ये राहायला. महिन्याभरात जाईन. गाडी तुझ्याकडे राहू दे, कायमची. तू शब्दाची पक्की आहेस. याला मात्र हात लावू द्यायचा नाही."

किल्ली मास्तरीणबाईंच्या तळहातावर आली. नवरा भिंतीकडे बघत होता, पण त्याचे कान हसत होते. गाडी आली, शिकवणी टिकली, नर्सच्या परीक्षेचीही सोय झाली. काही बोलायची गरजच नव्हती.

मास्तरीणबाईंनी किल्ली गाडीच्या टपावर ठेवली.

"वन्सं, यांनी नाही घासली. गंज होता तो. शिकवणीची पाटी लावली होती मी. तुम्ही नको म्हटलं होतं तरी."

"किती दिवस?"

"माझी गाडी बंद पडली तेव्हापासून."

"कितीजणी?"

"सगळ्याच."

वन्संनी चौकोनावर नख टेकवलं. "गंज काढलास, की वरून नुसता रंग फासलास?"

"काढला. पत्रा पांढरा होईपर्यंत."

वन्संनी टपावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली, चेन ओढली. चहा नको म्हणाल्या. बॅग मागच्या सीटवर ठेवून गाडी बाहेर काढली. नवरा फाटकापाशी उभा राहून पुटपुटला, "आयतं ताटात वाढलं होतं मी. तुम्ही ताटच सरकवलंत, मास्तरीणबाई."

गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि तशीच उलटी मागे आली. काच खाली झाली.

"उद्या कोणी आहे शिकायला?"

"नर्स आहे. तिची परीक्षा आलीय. तिला कळवते, गाडी नाही म्हणून."

"कळवू नकोस. मी घेऊन येते. मागे बसणार. काय करता तुम्ही माझ्या गाडीचं, ते बघू दे मला."

दुसऱ्या दिवशी वन्सं पर्स मांडीवर घेऊन मागे बसल्या. नर्सच्या हातून पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. वन्संनी डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर पुन्हा पडली.

"अगं बाई, ती क्लच हळू सोड म्हणतेय," मागून आवाज आला, "ऐक की तिचं!"

नर्स घाबरून ऐकू लागली. शिकवणी संपल्यावर वन्संनी किल्ली परत घेतली. जाताना एवढंच विचारलं, नर्स पुन्हा कधी येणार.