डाव्या पायाचा कॅलिपर

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. कॅलिपर म्हणजे कमकुवत पायाला बाहेरून बांधायचा आधार. पांढऱ्या प्लास्टिकचं कवच, आत मऊ अस्तर आणि बांधायला तीन पट्टे. जगात एकाच पायाच्या मापानं मला घडवलं होतं, ठिपकीच्या डाव्या पायाच्या.

ठिपकी हे आजीनं ठेवलेलं नाव. तिच्या अंगावर जन्मापासून दुधाळ चहाच्या रंगाचे डाग होते आणि डावी नडगी धनुष्यासारखी पुढे वाकलेली होती. ती चार वर्षांची असताना हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, न्यूरोफायब्रोमॅटोसिस. काही मुलांच्या हाडांवरही तो घाला घालतो. वाकलेल्या जागी हाड एकदा मोडलं, की पुन्हा जुळणं महाकठीण. म्हणून उभं राहायचं ते कॅलिपर बांधूनच. घरात आणखी कुणाला असे डाग आहेत का, असंही बाईंनी विचारलं. वडील नाही म्हणाले आणि बाहीचं बटण लावू लागले.

मला घडवणारा कारागीर खडूस होता, पण हाताचा हळवा. माझी कड तो घासायचा, स्वतःच्या गालावर फिरवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. बोचलो तर पोर मला काढून टाकेल, असं तो म्हणे.

मी बोचलो नाही. दहा महिने ठिपकी माझ्या जोरावर हुंदडली. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई माझ्यावर टिचकी मारून म्हणायच्या, "पाय यानंच सांभाळलाय." तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

मग काकाचं लग्न निघालं. नव्या सोयऱ्यांनी पाय पाहिला तर नाना प्रश्न विचारतील, अशी धास्ती वडिलांनी घेतली. आईनं डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"तासाभराचा तर प्रश्न आहे," वडील म्हणाले. "तासाभरात काय आभाळ कोसळणार आहे?"

पट्टे त्यांनी स्वतः सोडले आणि मला कपड्यांच्या पिशवीत कोंबलं. ठिपकी नव्या बुटांवर खूश होती. ते आजीला दाखवायला ती मंचावरून उतरली आणि शेवटच्या पायरीवरून घसरली. वीतभर उंचीची पायरी, मित्रांनो. धडधाकट पोर कपडे झटकून पळालं असतं. मला पिशवीत तिची किंकाळी ऐकू आली.

दवाखान्यात बाईंनी कॅलिपर कुठे होता, एवढंच विचारलं. आईनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. वडिलांनी मान खाली घालून सदऱ्याची बटणं काढली. त्यांच्या पाठीवर तसेच डाग होते, आणि बारीक गाठीही. लहानपणी पोरं चिडवायची, म्हणून जन्मभर लपवत आलो, असं ते पुटपुटले.

बाई म्हणाल्या, "लपवलेत ते डाग तुमचे होते. पाय तिचा होता."

चार वर्षांत तीन शस्त्रक्रिया झाल्या. सळई घातली, कमरेचं हाड काढून लावलं, पण नडगी काही जुळली नाही. शेवटी नवव्या वर्षी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. आज ठिपकी कृत्रिम पायावर धावते. लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करतात, तेव्हा वडील तिथून उठून जातात.

परवा पोटमाळा आवरताना मी तिच्या हाती लागलो. ती आता बारा वर्षांची आहे. तिनं माझ्या आत हात घालून पाहिला आणि वडिलांना विचारलं, "बाबा, हा होता, तर त्या दिवशी मी घातला का नव्हता?"

वडील बाहीचं बटण लावू लागले. मला खाली ठेवून ती निघून गेली.

मित्रांनो, दुखणं लपवल्यानं बरं होत नाही. कुणाच्या पायात, पाठीला माझे भाऊबंद दिसले तर हसू नका. तुमच्या हसण्याच्या भीतीनंच मोठी माणसं आमचे पट्टे सोडतात. माझ्याकडे पाहा. मी अजून जसाच्या तसा आहे, कुठे एक तडा नाही. कॅलिपरच्या जातीला याहून मोठी शरम नाही.