तीन लांब शिट्ट्या

दचकू नका मित्रांनो, मी आता वाजणार नाही. भिमाजींच्या घरात दाराशेजारी खिळ्याला जी काळवंडलेली पितळी शिट्टी लटकते आहे ना, तीच मी. आवाज माझा पहिल्यापासून तिखट. त्याचा मला भारी तोरा होता, हे आधीच कबूल करते.

पितळेच्या पत्र्यातून माझा जन्म झाला. पोटात बुचाची एक गोळी बसवली गेली आणि राहात्याच्या एका दुकानातून भिमाजींनी मला विकत घेतले. ते तेव्हा साखर कारखान्याच्या गेटवर रखवालदार होते. उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, सायकलवाले कामगार, सगळे त्याच फाटकातून जायचे. भिमाजी मला क्वचितच ओठाला लावत. पण लावले की भरलेला ट्रॅक्टरसुद्धा जागच्या जागी उभा राहायचा. काय सांगू, तेव्हा छाती कशी फुगायची माझी!

निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोले तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या देवळात सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. चढायला-उतरायला एकच दगडी जिना, तोही अरुंद. भिमाजी जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहायचे. मधल्या टप्प्यावर बायकांच्या रांगेजवळ छबूबाई असायच्या. त्याही सुरक्षारक्षकच. पिशव्या तपासता तपासता प्रत्येकीला गाव विचारायच्या, अशा बोलक्या. दोघांनी एक खूण ठरवली होती. तीन लांब शिट्ट्या म्हणजे गर्दी तुंबली, आता कुणी पाऊल पुढे टाकायचे नाही. रोज सकाळी जिना रिकामा असताना भिमाजी ती वाजवून बघायचे.

"मामा, तुमची शिट्टी म्हंजी माझ्या सासूची हाक हाय," छबूबाई हसून म्हणायच्या. "हातातलं काम टाकून उभंच ऱ्हावं लागतं."

मग नवे सुपरवायझर कल्याणसाहेब आले. त्यांना माझे गप्प बसणे खुपू लागले.

"भिमाजीमामा, शिट्टी काय शोभेला दिलीय? पाहुणे जिना चढायला लागले की वाजवा, रांग हलत नसली की वाजवा. ड्युटी दिसली पाहिजे."

"साहेब, लई वाजवली तर लोकं ऐकायची न्हाईत."

"ऐकतील हो! न ऐकायला काय झालं?"

नोकरीचा प्रश्न होता. भिमाजी वाजवू लागले. पाहुणे आले, वाजव. कुणी वाटेत चपला काढल्या, वाजव. शेळी पायरीवर चढली, वाजव. आणि खरे सांगते, मलाही ते आवडत होते. दिवसभर नुसता माझाच आवाज! लोक माझ्याकडे बघेनासे झालेत, हे मला वेडीला कळलेच नाही.

गेल्या वर्षी चैत्रातली यात्रा होती. भर दुपारी कुणा बड्या पाहुण्याच्या अभिषेकासाठी देवळाचा दरवाजा बंद केला. वर माणसे अडली आणि खालून येतच राहिली. जिना गच्च भरत चाललेला भिमाजींना वरून दिसत होता. पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, घुसमटलेल्या म्हाताऱ्या. त्यांनी मला ओठांत धरले आणि तीन लांब शिट्ट्या दिल्या. पुन्हा तीन. पुन्हा तीन. त्यांचा दम संपत आला, पण ते थांबेनात. मी आयुष्यात एवढी जोरात कधी वाजले नव्हते.

"आला असंल कुनीतरी साहेब. चला, चला पुढं!" खालून कुणीतरी ओरडले.

मागचा रेटा वाढतच गेला. मधल्या टप्प्यावर बायका एकमेकींवर पडल्या, एकच आरडाओरडा झाला. दरवाजा उघडून गर्दी हटवेपर्यंत फार उशीर झाला होता. बरेच जण जखमी झाले. आपल्या छबूबाई गेल्या.

तेराव्यानंतर भिमाजी छबूबाईंच्या घरी गेले. मी त्यांच्या खिशातच होते. त्यांची मुलगी अश्विनी हिने पाणी दिले. मग दाराला टेकून तिने विचारले.

"मामा, आईला तुमची शिट्टी ऐकूच गेली न्हाई का?"

भिमाजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"गेली हुती, बाई. वरनं मला दिसत हुतं. तिनं मागं तोंड केलं, दोनी हात पसरले, आन् बायांना म्हनली, थांबा. सगळ्या जिन्यात ती एकटीच थांबली."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि मला या खिळ्याला अडकवले. इथे मला कुणी पुसत नाही, त्याचे मला काही वाटत नाही. माझ्या तोऱ्याची मात्र आता मला लाज वाटते.

मित्रांनो, ज्यांच्या हातात शिट्टी असेल त्यांनी ती उगाच वाजवू नये आणि त्यांच्याकडून कुणी वाजवून घेऊ नये. आणि तुम्ही गर्दीत असाल तेव्हा ती दुसऱ्या कुणासाठी वाजते आहे, असे समजू नका. थांबा. पुढच्याला ढकलू नका, मागच्याला सांगा. एकट्याने थांबून भागत नाही. त्या दुपारी सगळे थांबले असते, तर छबूबाई संध्याकाळी घरी गेल्या असत्या.